पाच रात्रींचे जेल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : अंगावरून पातळ, राखाडी-पांढरे जात होते आणि मासळीसारखा वास यायचा. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलचे ०.७५ टक्के जेल पाच रात्री आत लावायला सांगितले. केमिस्टने ट्यूब हातात दिली, अ‍ॅप्लिकेटर कसा भरायचा ते कुणीच सांगितले नाही. सकाळी ठाण्याची गाडी पकडली की उभ्या उभ्या जेल बाहेर येते. औषध वाया जाते का?
– एक वाचक, ऐरोली

ताई, हा त्रास बहुधा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, म्हणजे योनीतल्या जंतूंचे संतुलन बिघडल्याचा. मेट्रोनिडॅझोल हे त्यावरचे जंतूंविरुद्धचे औषध, आणि ते वाया जात नाही. रात्रभर ते आत आपले काम करते, सकाळी उरलेला पातळ भाग बाहेर येतो. म्हणूनच ते झोपताना, आडवे होण्याच्या अगदी आधी लावायचे. दिवसा साधे पातळ पॅड ठेवा. बाहेर आले म्हणून सकाळी पुन्हा भरू नका.

आधी ट्यूबवरचे नाव पाहा. मेट्रोनिडॅझोलचे जेल हिरड्यांसाठीही मिळते, त्वचेसाठीही, आणि नुसते ‘मेट्रो जेल द्या’ म्हटले की भलतीच ट्यूब हाती येऊ शकते. योनीमार्गासाठीच आहे हे पाकिटावर लिहिलेले हवे आणि सोबत अ‍ॅप्लिकेटर हवा. तो नसेल तर बोटाने लावू नका, मात्रा चुकते.

हात साबणाने धुवा. ट्यूबचे सील झाकणाच्या टोकाने फोडा, अ‍ॅप्लिकेटर ट्यूबच्या तोंडावर फिरवून घट्ट बसवा आणि ट्यूब खालून दाबत जा. आतला दांडा मागे सरकत सरकत थांबला की अ‍ॅप्लिकेटर भरला : ५ ग्रॅम जेल, म्हणजे ३७.५ मिलिग्रॅम औषध. मध्ये हवेचा फुगा राहिला तर मात्रा कमी पडते, म्हणून ट्यूब सावकाश दाबा. मग अ‍ॅप्लिकेटर ट्यूबवरून काढा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, सहज जाईल तेवढाच तो आत सरकवा, दांडा शेवटपर्यंत दाबा आणि बाहेर काढा. दुखेपर्यंत रेटायचे नाही. एकदाच वापरायचा असेल तर टाकून द्या. पुन्हा वापरायचा असेल तर दांडा वेगळा करून कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळू द्या.

डॉक्टरांनी दिवसातून एकदा सांगितले असेल तर पाच रात्रींना २५ ग्रॅम लागते. वास बहुधा दोन-तीन दिवसांत कमी होतो आणि तिथेच बायका थांबतात. थांबू नका, नाहीतर जंतू पुन्हा डोके वर काढतात. एखादी रात्र विसरलात तर आठवल्यावर लावा, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन मात्रा एकत्र घ्यायच्या नाहीत. या दिवसांत संबंध टाळा. आत पाणी मारून धुणे, इंटिमेट वॉश, जंतुनाशक द्रव, सगळे बंद. योनीतले आम्ल वातावरण (साधारण ३.८ ते ४.५ पीएच) राखणारे चांगले जंतू त्यानेच कमी होतात, आणि मुळात हा त्रास तिथूनच सुरू होतो.

वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध किंवा लिथियम चालू असेल, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : तिसऱ्या रात्री पाळी आली. जेल थांबवू का?
– एक वाचक, कळवा

थांबवू नका, पाच रात्री पूर्ण करा. पॅड वापरा. टॅम्पॉन आणि कप नको, ते जेल शोषून किंवा साठवून घेतात. अजून सुरू केले नसेल आणि पाळी उद्या-परवावर असेल, तर संपल्यावर सुरू करावे का हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : महिन्याभरात वास परत आला. ट्यूब थोडी उरली आहे. लावू का? आणि नवऱ्यालाही औषध हवे का?
– एक वाचक, नेरूळ

उरलेली ट्यूब टाकून द्या. हा त्रास पुन्हा होणे फार सामान्य आहे, पण प्रत्येक वेळी कारण तेच असेल असे नाही. दह्यासारखे घट्ट जात असेल आणि खाज सुटत असेल तर ती बुरशी असू शकते, आणि जंतूंवरच्या औषधानंतर ती वाढतेही. फेसाळ, पिवळट-हिरवट जात असेल तर ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा सूक्ष्म परजीवी) असू शकतो. त्याला जेल पुरत नाही. गोळ्या लागतात, त्याही दोघांना. म्हणून तपासणी करूनच औषध घ्या.

नवऱ्याबद्दल पूर्वी डॉक्टर ‘गरज नाही’ म्हणत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात मात्र जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिनचे (जंतूंवरचेच दुसरे औषध) मलम दिल्यावर १२ आठवड्यांत त्रास परतण्याचे प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आले. तेव्हा दोघांनी एकत्र जाऊन डॉक्टरांना हे विचारा. तुमचे जेल त्यांना लावायचे नाही. तुम्हालाच क्लिंडामायसिनचे क्रीम दिले तर लक्षात ठेवा : त्यातल्या तेलाने रबरी निरोध कमकुवत होतो, शेवटच्या मात्रेनंतरही पाच दिवसांपर्यंत.

ताप, ओटीपोटात दुखणे, मधेच रक्त जाणे किंवा अंगावर पुरळ, यांपैकी काहीही झाले तर जेल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.