खेळ आणि आरोग्य : वाचकांचे प्रश्न – मे महिन्यातील टेनिस शिबिराविषयी

प्रश्न : रत्नागिरीत मे महिन्यात दहा दिवसांचे निवासी टेनिस शिबिर भरणार असून ते ‘सर्व वयांसाठी, नवशिक्यांपासून स्पर्धा खेळणाऱ्यांपर्यंत’ असल्याचे पत्रकात म्हटले आहे. सकाळी तीन आणि संध्याकाळी दोन असा रोज पाच तास सराव आहे. माझी नऊ वर्षांची मुलगी, मी स्वतः (वय ४१, रॅकेट कधी हातात धरलेली नाही) आणि माझे सासरे (वय ६३, नोकरीत असताना जिमखान्यावर दुहेरी खेळत असत) अशा तिघांनी जावे असे मनात आहे. शेजारीपाजारी म्हणतात, या वयात हे कशाला? एकाच शिबिरात तिघांना खरोखर काही शिकता येईल का?
– एक वाचक भगिनी, कुडाळ तालुका

उत्तर : तिघांनी अवश्य जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना एक प्रश्न विचारून घ्या : गट वयावरून पाडणार की खेळावरून? मी पहिल्यांदा असे शिबिर घेतले तेव्हा वयावरून गट पाडले होते. चाळिशीपुढच्या गटात रोज खेळणारे दोन गृहस्थ आणि पहिल्यांदाच रॅकेट धरणाऱ्या एक शिक्षिका एकत्र आल्या. तिसऱ्या दिवशी त्या बाई कोर्टाच्या कडेला नुसते चेंडू गोळा करताना दिसल्या आणि चौथ्या दिवशी आल्याच नाहीत. त्यांच्यात काहीही कमी नव्हते, चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिची रुखरुख मला आजही आहे. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीचा पहिला तास केवळ प्रत्येकाचा खेळ पाहण्यासाठी राखून ठेवतो आणि गट त्यानंतरच ठरवतो.

तुमच्या मुलीसाठी चेंडूंची चौकशी करा. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के, नारिंगी ५० टक्के आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के मंद असतो. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत मंद चेंडूच वापरावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१२ पासून लागू आहे. कारण साधे आहे : पिवळा चेंडू टप्पा पडून लहान मुलाच्या डोक्यावरून जातो, मग ते मूल मागे मागे सरकते, हात उंचावून चेंडू कसाबसा ढकलते आणि तीच सवय अंगात मुरते. नारिंगी चेंडू तिच्या कमरेच्या उंचीवर येईल आणि तिला खांदा वळवून नीट फटका मारता येईल. घरात कोणाची २७ इंची रॅकेट पडून असेल, तर ती तिच्या हाती देऊ नका. तिला साधारण २५ इंची रॅकेट पुरे.

तुम्हालाही सुरुवातीला हेच मंद चेंडू मिळतील ना, हे आग्रहाने विचारा. मोठ्यांना ते देण्यात अनेक प्रशिक्षकांना उगाच संकोच वाटतो. वास्तविक, पहिल्याच सकाळी सलग आठ-दहा फटके जाळीपलीकडे जाऊन परत आले की, नवशिक्याला या खेळाची खरी गोडी लागते, आणि मंद चेंडूने ते सहज साधते. एका कोर्टावर एका प्रशिक्षकाकडे सहा ते आठच जण असावेत. पंधरा जणांच्या रांगेत उभे राहायचे असेल तर पाच तासांतला निम्म्याहून अधिक वेळ वाट पाहण्यातच जाईल.

तुमच्या सासऱ्यांना दुहेरीच्या गटात राहू द्या. दुहेरीचे कोर्ट १०.९७ मीटर रुंद असले तरी ते दोघांत वाटले जाते, त्यामुळे पायांवरचा ताण कमी होतो आणि जुन्या अनुभवाचा उपयोग होतो. रोहन बोपण्णा यांनी २०२४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ते आयुष्यभर खेळत आलेले व्यावसायिक खेळाडू होते, हे खरे; पण अनुभव वयाला कितपत साथ देतो, हे शेजाऱ्यांना त्यावरून कळेल. सासऱ्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे आणि पहिले दोन दिवस सर्व्हिस अर्ध्या जोरानेच करावी, कारण बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर सर्वांत आधी दुखावतो तो खांदा.

तुम्हा दोघांना खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवेल. सवय नसलेल्या श्रमाने स्नायू एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक दुखतात, आणि तर्जनीच्या मुळाशी फोड येतो. म्हणून शिबिरापूर्वी चार आठवडे रोज अर्धा तास भरभर चाला आणि एक दिवसाआड उठाबशा काढा. बाजूला धावण्याची सवय वेगळी करावी लागते, त्यासाठी अंगणात दहा पावले उजवीकडे, दहा डावीकडे असे सरकत जा. पळण्याचे जाड टाचेचे बूट नेऊ नका. बाजूला वळताना त्यांत घोटा मुरगळतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली तर सांगायला लाजू नका. मुठीला न जुळणारी रॅकेट आवळून धरल्यानेही तसे होते, आणि वेळीच लक्ष दिले तर पुढची बरीच दुखणी टळतात.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा असून जिल्हा पातळीवर खेळतो. घाटावरची मुले चाळीस अंशांत खेळतात, आमच्याकडे पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे क्वचितच जातो, तरीही त्याच्या पायात गोळे येतात. तो अशक्त आहे का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : केवळ यावरून त्याला अशक्त ठरवू नका. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम आल्यामुळे नव्हे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही, निथळत राहतो. पाणी व मीठ दोन्ही जाते आणि अंग मात्र तापलेलेच राहते. पाऱ्याचा नुसता आकडा पाहून तुलना करणे म्हणूनच फसवे आहे. या हवेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा आतापासून रोज थोडा वेळ सकाळी नवाच्या आत खेळू द्या.

सकाळच्या सत्रापूर्वी तासभर आधी उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज द्या. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या शेतावर जाणाऱ्यांना हीच न्याहारी मिळत आली आहे. तिच्यात पाणी, मीठ आणि पचायला हलका पिष्टमय आहार एकत्र असतो. खेळताना एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, असे लहान चमच्याने मोजून केलेले मिश्रण दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडे थोडे प्यावे. कोकम सरबत खेळानंतर उत्तम, पण त्यातही मीठ हवे. सोबत तीन कोरडे सदरे आणि रॅकेटच्या मुठीवर गुंडाळायची जादा पट्टी द्यावी. चक्कर, मळमळ, अंगावर शहारे किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर खेळ तत्काळ थांबवून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. मुले ही लक्षणे प्रशिक्षकापासून लपवतात, म्हणून ती लपवू नकोस, असे मुलाला आधीच स्पष्ट सांगा.

प्रश्न : शिबिर संपल्यावर आमच्या गावात कोर्ट नाही. शिकलेले टिकेल कसे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : भिंत शोधा, पण गिलावा केलेली. उघड्या चिऱ्यांवर चेंडू आपटला की तो वेडावाकडा परततो आणि फटक्याची लय बिघडते. भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूने आडवी रेघ ओढा. जाळीची मधली उंची तेवढीच असते. सहा-सात पावलांवर उभे राहून मंद चेंडूने रोज वीस मिनिटे खेळा. खळे सिमेंटचे असेल तर सुमारे ११ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद जागेत दोरी बांधून लाल चेंडूचे कोर्ट आखता येते; शेणाने सारवलेल्या खळ्यात मात्र चेंडू पुरेसा उसळत नाही. मृगाचा पाऊस लागला की पडवीच्या कडेला उभे राहून सर्व्हिसचा टॉस करा : पुढच्या पायासमोर वहीचा कागद ठेवा, चेंडू हात पुरेल त्याहून थोडा उंच उडवा, रॅकेट मारू नका आणि तो खाली कागदावर पडतो की नाही, ते पाहा.