माजी सैनिक कोट्यातून केंद्रात एकदा नोकरी लागल्यावर दुसऱ्या परीक्षेत तोच कोटा पुन्हा मिळतो का?

नाही, साधारणपणे मिळत नाही. कोट्याचा लाभ घेऊन केंद्र सरकारच्या मुलकी नोकरीत रुजू झालात की पुढच्या भरतीतलं आरक्षण संपतं. मात्र एक सूट आहे आणि तीच बहुतेकांना उशिरा कळते. कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या 14 ऑगस्ट 2014 च्या आदेशानुसार, रुजू होण्याआधी जिथे जिथे अर्ज केले होते त्यांचा तारीखवार तपशील रुजू होताच नव्या कार्यालयाला स्वयंघोषणापत्रात लिहून दिला, तर त्या अर्जांपुरता कोटा शाबूत राहतो. म्हणजे आज तुम्ही लिपिक म्हणून हजर झालात आणि दोन महिन्यांपूर्वी भरलेल्या दुसऱ्या अर्जाचा निकाल नंतर लागला, तरी तिथे माजी सैनिक म्हणूनच तुमचा विचार होईल. रुजू झाल्यानंतर भरलेला अर्ज यात बसत नाही. त्यामुळे घोषणापत्राची पोच, शिक्का-तारखेसह, आवर्जून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणी मानत नाही.

कोटा गेला तरी वयाची सवलत पूर्ण जात नाही: गट क आणि ड मधल्या वरच्या पदासाठी ती मागता येते. खासगी किंवा कंत्राटी नोकरी केली असेल तर चिंताच नको, त्याने कोटा खर्ची पडत नाही.

हे सगळं केंद्राच्या पदांबद्दल. महाराष्ट्र शासनाचं माजी सैनिकांसाठीचं समांतर आरक्षण वेगळ्या नियमांनी चालतं. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.