ऑगस्टमध्ये किती माणसं ठेवता?

निफाड तालुक्यातला २७ वर्षांचा मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे सल्ला विचारायला आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). दहावीला ६१ टक्के, नंतर बी.ए., मग पुण्यात राहून चार वर्षं एमपीएससी. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, पुढे काही नाही. खोली, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला आठ हजार जात होते, तेही द्राक्षबागेच्या पैशांतून. प्रश्न त्याने कागदावर लिहूनच आणला होता : "आता कुठल्या क्षेत्रात स्कोप आहे? कायमचं काम कशात मिळेल?"

या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याचा मोह आवरावा लागतो. 'सोलरमध्ये आहे', 'ईव्हीमध्ये आहे' असं सांगितलं की मुलगा तीन महिन्यांचा कोर्स लावतो. त्या कामाला माणूस ठेवणारं तासाभराच्या अंतरात कोणीच नाही, हे त्याला प्रमाणपत्र हातात पडल्यावर कळतं.

आधी परीक्षेचा गुंता सोडवावा लागला. राज्य सेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. दार इतकी वर्षं उघडं दिसतं, म्हणून पाय निघत नाही. पण याच आकड्याचा दुसरा अर्थही आहे. आज दोन वर्षं थांबलात तरी दार बंद होत नाही. हातात कमाई घेऊन तिशीनंतरही परीक्षा देता येते. हे कागदावर मांडल्यावर 'सोडलं' या शब्दाची त्याची भीती कमी झाली. मात्र काम शिकण्याच्या पहिल्या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही, असं स्पष्ट ठरलं. दोन्हीकडे अर्धा जीव लावणारी मुलं दोन्हीकडे मागे पडतात.

नंतर त्याला आठ दिवसांचं काम दिलं. एक वही घ्यायची आणि घरापासून २५ किलोमीटरच्या आत प्रत्यक्ष फिरायचं : मोटार रिवायंडिंग, दुचाकी सर्व्हिसिंग, फ्रिज-एसी, शीतगृहं, वायरिंगचे ठेकेदार. फोनवर विचारायचं नाही, दुकानात जाऊन उभं राहायचं. तीनच प्रश्न विचारायचे. ऑगस्टमध्ये किती माणसं ठेवता? गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का? नव्या मुलाच्या हाती कुठलं काम देत नाही?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एप्रिलमध्ये एसीच्या कुठल्याही दुकानात काम मिळतं. सर्व्हिसिंगची रांग लागलेली असते, धुवायला पोरं हवी असतात. पाऊस सुरू झाला की तीच पोरं घरी बसतात. त्याच्या वहीत एका दुकानापुढे लिहिलं होतं : एप्रिलमध्ये सहा जण, ऑगस्टमध्ये दोन. ते दोघे कोण? एकाला कोल्डरूमचं म्हणजे माल थंड ठेवायच्या खोलीचं काम येतं, दुसऱ्याला इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीतला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीतला, बिघाड शोधता येतो. म्हणजे क्षेत्र निवडलं म्हणून बारा महिने काम मिळतं असं नाही. त्या क्षेत्रातलं कुठलं काम शिकायचं, तिथे खरी निवड असते.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात माल थंड ठेवणाऱ्या यंत्रांचं काम भरपूर आहे. साधारण जानेवारी ते एप्रिल निर्यातीच्या द्राक्षांचा हंगाम. खुडलेला माल सहा-आठ तासांत चार अंशांपर्यंत खाली आणावा लागतो, मग शून्य ते एक अंशावर साठवावा लागतो. पुढे उन्हाळ्यात एसी. वर्षभर दूध संकलन केंद्रांचे कूलर, हॉटेलांचे डीप फ्रीझर, औषधांचे फ्रिज आणि दवाखाने. पावसाळ्यात शीतगृहांच्या दुरुस्त्या निघतात.

वडिलांनी इथे अडवलं. "बी.ए. करून लोकांचे एसी धुवायचे का, सर? उद्या स्थळं यायची आहेत." ही काळजी खोटी नाही, ती हसून उडवू नये. त्यांना एवढंच विचारलं की हंगामात रात्री प्रीकूलिंग, म्हणजे खुडलेला माल थंड करणारं यंत्र, बंद पडलं तर फोन कोणाला जातो आणि त्याची वाट किती जण बघत बसतात. ते स्वतः बागायतदार. त्यांनी माणसाचं नाव सांगितलं आणि तो एका फेरीचे किती घेतो तेही.

तिसरी पायरी, काम चाखून बघणं. पंधरा दिवस एका कोल्डरूम मेकॅनिकच्या हाताखाली. ही पायरी गाळणारे बरेच जण सहा महिन्यांत क्षेत्र सोडतात. कारणं साधी असतात : उंचीची भीती, कंबर, गॅलरीबाहेर सेफ्टी बेल्ट लावून आउटडोअर युनिट बसवताना थरथरणारे हात. ते आधी कळलेलं बरं. त्याच पंधरा दिवसांत चांगलं आणि वाईट काम यांतला फरकही दिसतो. फ्लेअर, म्हणजे पाइपाच्या टोकाचा जोड, नीट बसला नाही तर गॅस हळूहळू गळतो आणि महिन्याभरात तक्रार येते. व्हॅक्यूम न काढता गॅस भरला तर पाइपातली हवा आणि ओल आतच राहते, मग कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. नव्या एसीतला आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे सिस्टिम रिकामी न करता पाइप जोडायची (ब्रेझिंगची) ज्योत लावणं जिवावर बेतू शकतं. जुन्या आर-२२ गॅसवर हात बसलेले काही मेकॅनिक इथेच चुकतात. शिकायला जायचं तर वजनकाटा लावून गॅस भरणाऱ्याकडे जावं, अंदाजाने भरणाऱ्याकडे नाही. मुलाला वायरिंगची आकृती वाचण्यात रस वाटला आणि उंचीची अडचण आली नाही.

मग आयटीआय कशाला, दुकानातच शिकला असता, असा प्रश्न येतो. दुकानात हात तयार होतो, पण रेल्वे, मोठी रुग्णालयं, कंपन्यांचे मेंटेनन्स विभाग प्रमाणपत्र मागतात. फ्रिज-एसी टेक्निशियन हा ट्रेड (आयटीआयचा अभ्यासक्रम) दोन वर्षांचा आहे, पात्रता विज्ञान-गणितासह दहावी. वयाची वरची अट नाही, हे पंचविशीपुढच्या अनेकांना माहीत नसतं. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, बी.ए.चा तिथे उपयोग नाही. म्हणून ऑनलाइन अर्जात एकच संस्था न भरता आजूबाजूच्या तालुक्यांतल्याही भरायच्या. पुढे अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ उमेदवारी, करावी. २०१९च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अर्ज करताना चालू दर पाहून घ्यावा. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो, ती फसवणूक नाही. मात्र मुदत संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही, हे धरूनच चालावं.

पहिली खरी नोकरी लागल्यावर 'पर्मनंट आहे का' असं विचारण्यापेक्षा पीएफचं पासबुक बघावं. मूळ पगार १५,००० असेल तर पीएफचे १,८०० पगारातून जातात आणि मालकाला तेवढेच घालावे लागतात. मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन खात्यात जमा होतात. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू असेल तर १८,००० पगारावर १३५ रुपये कापले जातात. ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी सरकारच्या उमंग ॲपवर दर महिन्याला पीएफची नोंद तपासावी. कपात होते पण जमा दिसत नाही, ही गोष्ट दुसऱ्याच महिन्यात पकडता येते. उशीर केला तर दोन वर्षांनी ठेकेदारच बदललेला असतो. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नये.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत त्याला हा ट्रेड मिळाला नाही. वायरमनला जागा होती, ती घ्यावी का म्हणून तो विचारायला आला. दुसऱ्या फेरीपर्यंत थांबायचं ठरलं आणि शेजारच्या तालुक्यात नंबर लागला. रोज जाऊन-येऊन ३४ किलोमीटर. त्याने सकाळची पाळी मागून घेतली, कारण दुपारनंतर त्या कोल्डरूम मेकॅनिकने त्याला हाताखाली ठेवलं आहे. ऑगस्टमध्येसुद्धा.