कपलिंग रॉड नेमका कुठे अडतो?

घरी लहान वाफेची इंजिनं बनवणाऱ्यांची या महिन्यात चारच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, त्याला इलाज नव्हता. तेच दुखणं घेऊन मी स्वतः कधीकाळी दोन महिने लेथशेजारी हताश बसलेलो आहे.

प्रश्न: साडेतीन इंची गेजचं, म्हणजे दोन रुळांमध्ये ८९ मिलिमीटर अंतर असलेलं, सहा चाकी इंजिन करतो आहे. चौकट, चाकं, अ‍ॅक्सल सगळं ड्रॉइंगबरहुकूम आहे, व्हर्नियरने तीन-तीनदा तपासलेलं. नुसती चाकं लोण्यासारखी फिरतात, पण एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणारे दांडे, म्हणजे कपलिंग रॉड, चढवले की अडतात. मित्र म्हणतो, रॉडची भोकं रीमरने थोडी मोठी कर, सुटेल. करू का?

उत्तर: नको! भोकं मोठी केली की चाकं फिरतील हे खरं, पण दुखणं कुठे होतं ते कधीच कळणार नाही, आणि रुळावर इंजिन खुळखुळ्यासारखं वाजेल. आधी अडतंय कुठे ते पाहा. तुमच्या पत्रात तेवढंच नाही.

सहाही चाकं एकदम जोडू नका. मधला अ‍ॅक्सल आणि एक शेजारचा, एवढेच घ्या. दोन्ही बाजूंचे रॉड चढवा आणि चाक बोटाने अगदी सावकाश फिरवा. जिथे जड लागेल तिथे थांबून त्या बाजूची क्रँकपिन, म्हणजे रॉड ज्यात अडकतो ती चाकावरची खुंटी, कुठे आहे ते बघा.

पिन अ‍ॅक्सलच्या अगदी पुढे किंवा अगदी मागे, म्हणजे डेड सेंटरला असताना अडत असेल, तर दोष लांबीचा. क्रँकपिना त्या जागेच्या आणि माथ्याच्या मधोमध, तिरप्या ४५ अंशांत असताना, एका फेऱ्यात चार वेळा अडत असेल, तर दोष क्वार्टरिंगचा, म्हणजे डाव्या-उजव्या पिनांमधल्या कोनाचा. एका अ‍ॅक्सलवर तो कोन एक आणि दुसऱ्यावर वेगळा. हे काही जादूटोण्याचं निदान नाही. पिन डेड सेंटरला असताना रॉड चाकाला वळवू शकत नाही, तो फक्त दोन पिनांमधलं अंतर मोजतो. ४५ अंशांत मात्र दोन्ही बाजूंचे रॉड सारख्याच जोराने चाकाला आपापल्या कोनात ओढतात. कोन जुळत नसले तर तिथेच दोघांची जुंपते.

लांबीच्या दोषातही दोन जाती आहेत. पुढच्या डेड सेंटरला रॉडचं एक टोक पिनेवरून काढा आणि भोक किती, कुठे चुकतंय ते पाहा. मग तेच मागच्या डेड सेंटरला करा. दोन्हीकडे रॉड आखूड, किंवा दोन्हीकडे लांब, तर रॉडच्या भोकांचं अंतर चुकलं. एकीकडे आखूड आणि दुसरीकडे लांब, तर रॉड निर्दोष आहे. चाकातली पिनच केंद्रापासून कमीजास्त अंतरावर बसली आहे.

आता उपाय. भोकांचं अंतर ड्रॉइंगवरून घ्यायचंच नाही. ते तुमच्या चौकटीवरून घ्यायचं. दोन अ‍ॅक्सलच्या बाहेरून बाहेर माप घ्या, मग आतून आत घ्या, दोन्हींची बेरीज करून निम्मं करा. अ‍ॅक्सल एकाच जाडीचे असतील तर हे केंद्रांमधलं खरं अंतर. ड्रॉइंग १२५ म्हणत असेल आणि हे १२५.१५ निघालं, तर रॉड १२५.१५चाच. दोन्ही बाजूंचे रॉड एकावर एक बांधून एकदमच ड्रिल करा. डावा-उजवा वेगवेगळा करून ‘मापात आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

क्वार्टरिंगचंही तसंच. पुस्तकं नव्वद अंश, नव्वद अंश घोकत राहतात आणि नवखा माणूस नव्वदच्या मागे लागतो. रॉडना नव्वदशी देणंघेणं नाही. तिन्ही अ‍ॅक्सलवर ८९ आला तरी चाकं मऊ फिरतील. दोनवर नव्वद आणि एकावर एक्याण्णव आला की अडली. म्हणून जिग, म्हणजे चाकं ठरल्या कोनात धरून ठेवणारा साचा, एकच हवी आणि तिन्ही जोड्या त्याच जिगवर, त्याच बाजूने लावून बसवायच्या.

माझी चूक सांगतो. चाकं दाबून घट्ट (प्रेसफिट) न करता मी चिकटद्रव्याने बसवली होती. ते द्रव्य हवा तुटली की धातूच्या फटीत घट्ट होतं. दोन जोड्या छान झाल्या. तिसरीच्या वेळी उजवं चाक अ‍ॅक्सलवर सरकवलं, फिरवत फिरवत जिगकडे नेलं, आणि वाटेत दाराची घंटा वाजली म्हणून मान वळवली. परत बघतो तो चाक जिथे होतं तिथेच जाम, जिगच्या खुंटीपासून दोन मिलिमीटर अलीकडे. मनाची समजूत घातली, ‘एवढ्याने काय होतंय?’ त्या ‘एवढ्याने’ दोन महिने खाल्ले. शेवटी चाक गॅसवर तापवून ते द्रव्य मेलं तेव्हा निघालं. आता मी जिगमध्ये अ‍ॅक्सल आधी बसवतो आणि चाक फिरवत नाही, सरळ आत ढकलतो.

सगळं जुळल्यावर मग खुशाल रॉडच्या भोकातल्या बुशमध्ये दहा शतांश मिलिमीटर सूट द्या. ती लागतेच. रूळ खालीवर असला की एक अ‍ॅक्सलबॉक्स (अ‍ॅक्सल ज्यात फिरतो तो ठोकळा) तीन मिलिमीटर उचलला जातो, आणि १२५च्या अंतरावर केंद्रं त्यामुळे जवळजवळ चार शतांशाने लांब होतात. मित्राचा सल्ला चुकीचा नव्हता, फक्त आधी दिला गेला.

प्रश्न: बॉयलर तांब्याचा, काम करायचं प्रेशर चौरस इंचाला ८० पौंड. सगळे जोड चांदीच्या डाखाने झाले, पण दोन बुश (नळ-व्हॉल्व्ह बसवायच्या आट्यांच्या कड्या) गळतात. बॉयलर पुन्हा लालभडक तापवायची हिंमत नाही. तिथे साधा कथील-शिशाचा डाख दिला तर चालेल का? आणि टेस्ट कंप्रेसरने केली तर सोपी पडेल ना?

उत्तर: दोन्हीला नाही. वर मी ड्रॉइंगला फार मान देऊ नका म्हटलं, ते बॉयलरला लागू नाही. इथे ड्रॉइंग म्हणेल ती जाडी, म्हणेल तितके स्टे (पत्रे बांधून ठेवणारे आतले दांडे), म्हणेल तोच डाख.

८० पौंडांना वाफेचं तापमान १६२ अंशांच्या घरात असतं. कथील-शिशाचा सर्वांत लवकर वितळणारा डाख १८३ अंशांना पाणी होतो आणि त्याच्या कितीतरी आधी लोळागोळा झालेला असतो. त्यात एकदा पाण्याची पातळी उतरली की वीस अंशांचं ते अंतर कुठल्या कुठे जातं. शिवाय जिथे शिसं एकदा लागलं तिथे पुढे चांदीचा डाख कधीच धड बसत नाही. म्हणजे आजची गळती निस्तरायच्या नादात उद्याची दुरुस्तीही बंद.

तापवायची भीती मला समजते, पण ती बहुधा कमी आचेतून आलेली असते. तांबं उष्णता इतक्या भराभर पळवतं की एक लहान टॉर्च घेऊन उभं राहिलात तर अर्धा तास नुसतं काळं होत राहील. दोन टॉर्च घ्या, एक मदतनीस घ्या, भोवती आगविटा रचा आणि आधी सगळा बॉयलर तापवा. मग बुशाकडे या. फ्लक्स, म्हणजे डाख पसरावा म्हणून लावलेलं द्रव्य, आधी फुगेल, पांढरा फेसाळेल, मग पाण्यासारखा पातळ आणि नितळ होईल. तोवर डाखाची काडी लावायची नाही. काडी ज्वाळेत धरून थेंब पाडायचा नाही. तांब्याला टेकवून तांब्याच्या आचेने ती वितळली पाहिजे. वितळल्यावर एका क्षणात बुशाभोवती चकाकती रेघ धावते. ती रेघ पूर्ण फिरलेली डोळ्यांनी पाहा. माझ्या पहिल्या बॉयलरवर चमकणाऱ्या फ्लक्सलाच मी डाख समजलो होतो.

बुश कशाचे आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. पितळेचे असतील तर हीच संधी, काढून टाका आणि काश्याचे बसवा. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरतो तो ठिसूळ, सच्छिद्र धातू. आणि जुनी पडलेली काडी वापरणार असाल तर तिच्यात कॅडमियम नाही ना ते पाहा. तो धूर विषारी असतो.

टेस्ट पाण्यानेच. बॉयलर गळ्यापर्यंत भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, हातपंपाने सावकाश १६०वर न्या. नव्या बॉयलरला कामाच्या दुप्पट, हा जगभरच्या क्लबांचा रिवाज आहे. पाणी दाबलं जात नाही, म्हणून जोड फुटला तर एक चिळकांडी उडते आणि काटा धपकन खाली येतो, संपलं. हवा दाबून भरलेली असते. तोच जोड तिच्याने फुटला तर पत्र्याचा तुकडा भिंतीपर्यंत जातो. पहिली वाफ क्लबच्या बॉयलर-तपासनिसासमोरच करा, एकट्याने नको.

प्रश्न: पार्टिंग टूलने जॉब कापताना लेथ थरथरतो, किंचाळतो आणि टूल मोडतं. महिन्यात चार मोडली. लेथच खराब आहे का?

उत्तर: लेथला शिव्या देण्याआधी सहा इंची स्टीलची पट्टी घ्या. टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात ती हलकेच चिमटीत धरल्यासारखी पकडा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल बरोबर केंद्रावर आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर. टूल पोस्टमधून जेवढं बाहेर काढायला हवं तेवढंच काढा, सॅडल (टूल वाहून नेणारा सरकता भाग) लॉक करा, क्रॉस स्लाइडचा गिब (ढिलाई काढणारी पट्टी) आवळा. कापायचं जॉब पकडणाऱ्या चकच्या अगदी जवळ, स्पीड टर्निंगच्या निम्म्याने कमी. आणि फीड देताना घाबरून हात मागे घेऊ नका. टूल नुसतं घासत राहिलं की थरथर सुरू होते.

प्रश्न: काका, मी नववीत आहे. खऱ्या इंजिनाची सगळी मापं सोळा पटीने कमी केली तर लहान इंजिन तसंच चालायला हवं ना? बाबा म्हणतात चालणार नाही. का?

उत्तर: बाबांचं अर्धं बरोबर आहे. लांबी सोळा पटीने कमी केलीस की पृष्ठभाग २५६ पटीने आणि आकारमान ४,०९६ पटीने कमी होतं. शंभर टनांचं इंजिन साडेचोवीस किलोंचं होईल. पण बॉयलरमधल्या प्रत्येक थेंब पाण्यामागे गार होणारा पत्रा मात्र सोळा पट जास्त. म्हणून लहान बॉयलरला नीट लपेटावं लागतं.

दुसरी अडचण आगीची. मोठ्या बॉयलरमध्ये साधारण ५० मिलिमीटर व्यासाच्या दीड-दोनशे नळ्यांमधून ज्वाळा आणि धूर जातो. सोळाव्या हिश्श्याने त्या तीन मिलिमीटरच्या होतील, आणि काजळी काही सोळा पटीने बारीक होत नाही. दहा मिनिटांत सगळ्या बुजतील. म्हणून आपण दहा-बारा मिलिमीटरच्या मोजक्याच नळ्या घालतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळीही हिशेबाने केली तर पाणी आत चिकटून बसतं आणि खोटी पातळी दाखवतं. तिचंही भोक मोठं लागतं.

बाबांचं उरलेलं अर्धं चूक आहे. इंग्लंडमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी बऱ्याच जाणत्यांना वाटायचं की एवढ्याशा इंजिनात कोळसा पेटवून माणूस ओढणं होणार नाही. ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी १९२०च्या दशकात अडीच इंची रुळांवर ते करून दाखवलं. जमतं कसं ते तूच मोज. साडेचोवीस किलोंचं सगळं वजन चालत्या चाकांवर असेल, तर चाकं घसरण्याआधी इंजिन पाच किलोंच्या आसपास जोर लावू शकतं. बॉल बेअरिंगची गाडी सपाट रुळावर ओढायला तिच्या वजनाच्या दोन टक्के जोरही पुष्कळ झाला. वजनकाट्यावर बाबांचं वजन कर, गाडीचे वीस किलो त्यात मिळव आणि उत्तर त्यांनाच दाखव.