टेस्लाचा व्हॉल्व्ह आडवा आला, म्हणजे पेटंट गेलं का?

तुमचा प्रश्न असा: हलता भाग नसलेला एकदिशा व्हॉल्व्ह तुम्ही ठिबकसाठी बनवला आणि पेटंट ऑफिसच्या पहिल्या परीक्षण अहवालात निकोला टेस्लाचं १९२० चं अमेरिकन पेटंट आडवं आलं. तुमचं म्हणणं, ते कधीच संपलंय, शिवाय त्यात ठिबकचं नावही नाही.

हे दोन्ही मुद्दे उत्तरात घालू नका. पेटंट संपलं म्हणजे कुणालाही वापरायला मोकळं झालं, एवढंच. नावीन्य तपासताना कितीही जुना, कुठल्याही देशात छापलेला कागद चालतो.

उपयोग वेगळा, हा मुद्दा तर आणखी लंगडा. अमेरिकेत १९९७ साली श्रायबर प्रकरणाचा निकाल लागला. पॉपकॉर्नच्या डब्याचं शंकूसारखं झाकण होतं, डबा उपडा करून हलवला की मोजकेच दाणे पडावेत असं. समोर ठेवलं गेलं तेलाच्या डब्याच्या तोटीचं जुनं स्विस पेटंट. त्यात पॉपकॉर्न शोधूनही सापडत नाही, पण त्या आकाराकडून तेच काम होऊ शकतं म्हणून क्लेम, म्हणजे 'एवढं माझं' असं सांगणारं अर्जातलं कलमवार वाक्य, नाकारला गेला. आपल्याकडे तर पेटंट कायद्याचं कलम ३(डी) आहेच: माहीत असलेल्या यंत्राचा नुसता नवा वापर हा शोध धरत नाहीत.

मग लढायचं कुठे? परीक्षकाने उतरवलेल्या चार ओळींवर थांबू नका, टेस्लाचं मूळ पेटंट उघडा. नळीच्या दोन्ही अंगांना आलटून पालटून कप्पे आहेत. सुलट प्रवाह जवळपास सरळ निघून जातो. उलट येणारा कप्प्यात शिरतो, गर्रकन वळतो आणि मागून येणाऱ्या धारेलाच अडवतो. आता तुमच्या क्लेम १ चे तुकडे पाडा आणि एकेका तुकड्यासमोर टेस्लाचं वाक्य किंवा आकृतीतला भाग लिहा. सगळे तुकडे या एकाच कागदात सापडले तर नावीन्य संपलं. एक जरी उरला तर ते शाबूत. तो उरलेला तुकडा परीक्षकाने दुसऱ्या पेटंटातून आणला असेल, तर आक्षेप नावीन्याचा नाही, इन्व्हेंटिव्ह स्टेपचा आहे, म्हणजे त्या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं असा; तसं ठणकावून लिहा. त्याचं उत्तर वेगळं द्यावं लागेलच.

आकृतीवर पट्टी ठेवून कोन काढला असेल तर हरकत घ्या, पेटंटच्या आकृत्या मापाबरहुकूम असतातच असं नाही. उघड दिसणारी रचना मात्र धरली जाते. ब्रिटनमध्ये व्हॅन डर लेली विरुद्ध बॅमफर्ड्स खटल्यात गवत ओढायच्या यंत्राच्या एका छापील फोटोमुळे क्लेम पडला होता.

कप्प्याच्या तळाशी गाळ धुऊन जायला ठेवलेली खाच, असं तुम्ही लिहिलंय ना? टेस्लाच्या रचनेत ती नाही. पण तुम्ही ती क्लेम ४ मध्ये दडवून ठेवली आहे! ती क्लेम १ मध्ये आणा. कलम ५९ नुसार क्लेम आकसता येतो, मूळ मसुद्यात नसलेलं काही आता घुसवता येत नाही. उत्तराची मुदत अहवालाच्या तारखेपासून ६ महिने. वाढवून मागायची तर ती संपण्याआधीच अर्ज टाका.