आयआयटीपेव्हमध्ये डिझाईन पास झालं, पण सीबीआर कुठनं आणलास?

भावा, आयआयटीपेव्ह या रस्त्याच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये तू शिरोळकडच्या रस्त्याला सीबीआर (मातीच्या ताकदीचा आकडा) 8 धरलास, डीबीएम (डांबरी खडीचा जाड थर) कमी केलंस, तरी दोन्ही स्ट्रेन (भाराखाली थर किती ताणतो-दबतो; एक डांबराच्या तळाची, एक मातीच्या माथ्याची) मर्यादेत बसल्या. मग जाडी वाचवू का, असं विचारलंयस. गणित बरोबर असेल. पण तो 8 कुठल्या मातीचा?

सॉफ्टवेअर फक्त थरांतला ताण (स्ट्रेस) आणि स्ट्रेन काढून देतं. रस्ता किती ॲक्सलच्या फेऱ्या झेलेल ते आयआरसी 37 (डांबरी रस्त्याच्या डिझाईनची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका) ची सूत्रं ठरवतात, आणि ती खऱ्या रस्त्यांच्या निरीक्षणांवर बसवलेली आहेत. रटिंगच्या (चाकोऱ्या पडण्याच्या) सूत्रात स्ट्रेनचा घात 4.5337 आहे. मातीच्या माथ्यावरची उभी स्ट्रेन 20 टक्के वाढली की आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं.

नृसिंहवाडीच्या आसपास नदीकाठची काळी माती. 2019 आणि 2021, दोन्ही पुरांत ती रानं पाण्याखाली होती. तिथं चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचाच सीबीआर धरायचा. सीबीआर 8 ला मातीचा मॉड्युलस (कडकपणा) 67 मेगापास्कलच्या आसपास येतो, 4 ला 40. एवढ्यावर भागत नाही. खडीच्या थराचा मॉड्युलस खालच्या मातीवरच ठरतो. जीएसबी आणि डब्ल्यूएमएम (डांबराखालचे खडीचे दोन थर) मिळून 450 मिमी असेल तर सीबीआर 8 चा 4 झाल्यावर तो 208 वरून 125 मेगापास्कलवर घसरतो. खडी तीच, खाणही तीच! शिवाय दिवसाला 450 किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असतील तर इफेक्टिव्ह सीबीआर (वरचा भराव आणि खालची माती मिळून येणारा) 5 च्या खाली चालतच नाही. मग चांगला मुरूम आणून वरचे 500 मिमी भरणं आलं. तो खर्च आत्ताच एस्टिमेटमध्ये धर.

व्हीडीएफ (एक व्यावसायिक वाहन किती प्रमाणित ॲक्सलांएवढं) तक्त्यातनं उचलला असशील तर तोही बघ. ॲक्सल सर्व्हे गळीत हंगामात, कारखान्याच्या वाटेवर कर. पावसाळ्यात केलेल्या सर्व्हेत उसाची एक ट्रॉली सापडायची नाही. जोडचाकी ॲक्सल (दोन्ही बाजूंना दोन-दोन चाकं) 80 ऐवजी 120 किलोन्यूटनची निघाली तर चौथ्या घातानं एक फेरी पाच फेऱ्यांएवढी. ट्रॉलीला दोन्ही बाजूंना एकेकच चाक असेल तर भागायचं 65 नं, 80 नं नाही. हे भलेभले विसरतात.

सॉफ्टवेअरच्या आऊटपुटमध्ये दोन थर जिथं भेटतात त्या एकाच खोलीला दोन ओळी येतात. 'एल' लिहिलेली ओळ खालच्या थराची, मातीवरची उभी स्ट्रेन तिच्यातनं घे. डांबराच्या तळाची आडवी, ताणणारी स्ट्रेन वरच्या ओळीतनं, आणि टँजेन्शियल-रेडियल या दोन आडव्या दिशांपैकी मोठी असेल ती. बिंदू 0 (एका चाकाच्या मध्याखाली) आणि 155 मिमी (जोडचाकांच्या मधोमध), दोन्ही तपास.

भिजवलेला सीबीआर आणि हंगामातला व्हीडीएफ हातात आला की परत रन मार. तरीही पास झालं तर डीबीएम खुशाल कमी कर.