सायकलच्या फ्रेमला प्रोटेक्शन फिल्म (रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून लावायची चिकट फिल्म) घरी लावता येते का? मी लावली तर बुडबुडे राहिले

येते की. तुम्ही मोबाईलच्या स्क्रीनगार्डसारखी कोरडीच चिकटवलीत ना, तिथेच गडबड झाली, ही फिल्म ओलीच लावायची असते. आत्ताची पट्टी हेअर ड्रायरने कोमट करून फ्रेमला जवळजवळ चिकटून मागे मागे ओढत काढा. हिसका देऊन वर खेचलीत तर खालचे स्टिकरसुद्धा निघून येतात.

फिल्म टीपीयूची (लवचिक, ताणलं जाणारं प्लास्टिक) घ्या, साधारण 200 मायक्रॉनची. पीव्हीसीची स्वस्त असते पण वळणावर नीट बसत नाही आणि उन्हात पिवळी पडते. फ्रेम मॅट असेल तर फिल्मपण मॅटच, नाहीतर तेवढाच पट्टा चमकत राहतो.

आणि पहिल्याच वेळी अख्खी फ्रेम झाकायला जाऊ नका. डाउन ट्यूबची (हँडलकडून पेडलकडे तिरकी उतरणारी नळी) खालची बाजू जिथे पुढच्या चाकाचे खडे येऊन आपटतात, चेनच्या बाजूचा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी नळी), आणि हेड ट्यूबवर (हँडलखालची पुढची आखूड नळी) ब्रेक-गिअरची केबल टेकते ती जागा, एवढं आधी करा. केबलची जागा हमखास राहून जाते. केबल मऊ असते पण तिच्याखाली बसलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते, माझ्या जुन्या सायकलीवर तिथे नखाएवढा रंग जाऊन खालचा धातू दिसायला लागला होता, आणि मी रोज फडकं मारत असूनही ते दिसलं नाही कारण केबल नेमकी त्यावरच असायची. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

आता लावायचं कसं, तर खरं काम चिकटवण्याआधीचंच आहे. फ्रेम धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चेनस्टेवर तेलाचा हात असतोच त्यामुळे तिथे दोनदा पुसा. कागद ट्यूबवर गुंडाळून माप घ्या आणि फिल्म टेबलावरच कापा, फ्रेमवर ठेवून ब्लेड अजिबात चालवायचं नाही, रंगावर चरा पडतो. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा सगळ्यात आधी सुटतो.

अर्धा लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून स्प्रेच्या बाटलीत भरा. फ्रेमवर मारा, फिल्मच्या चिकट बाजूवर मारा, स्वतःच्या बोटांवरपण मारा नाहीतर ठसे कायमचे आत राहतात. पंखा बंद ठेवा. फिल्म ठेवली की ती घसरते, हवी तिथे सरकवून घ्या, मग रबरी स्क्वीजीने (पाणी निपटून काढायची पट्टी) मधून कडेकडे पाणी काढत जा. वळणावर सुरकुती आली तर दाबत बसू नका, ती तशी जात नाही, उचला, परत स्प्रे मारा, किंचित गरम करून हलकं ताणून बसवा. कड चिकटत नसेल तर तेवढ्याच भागात पाण्यात थोडं अल्कोहोल मिसळून मारा, लगेच पकड येते.

शेवटी बारीक धुरकट ठिपके दिसतील, ते पाण्याचे असतात, काही दिवसांत आपोआप सुकतात, त्यांना सुई लावू नका. दोन दिवस सायकल धुवायची नाही, दुसऱ्या दिवशी कडा पुन्हा कोमट करून अंगठ्याने दाबून घ्या. फ्रेमला नुकताच नवीन रंग दिलेला असेल तर मात्र तो पूर्ण पक्का होईपर्यंत थांबा, नाहीतर फिल्म काढताना रंगाचे पापुद्रे सोबत येतील.